कॉलेज बेसबॉल: सीझनच्या आधी टीमचा पिचिंग स्टाफ कसा जोखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. एका अंगाला चॅपल हिल, दुसऱ्या अंगाला रॅली, पलीकडे डरहॅम, आणि गाडीने दीड तासावर वेक फॉरेस्ट कॉलेज. कॉलेज बेसबॉल आवडणाऱ्याची इथे चंगळच असते. जानेवारी लागला की मंडळातले लोक विचारायला लागतात की यंदा अमक्या टीमचं पिचिंग कसं आहे, तमकी टीम ओमाहाला (कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी तिथे होते) जाईल का. विचारणारे बहुतेक क्रिकेटवर वाढलेले, पोरं इथे लिटल लीग खेळतात म्हणून बेसबॉलकडे वळलेले. दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिलीत.

पिचिंग स्टाफ म्हणजे नक्की कोण कोण?

टीममधले सगळे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे. २०२५-२६ पासून खेळाडूंना पैसे देण्याचा नवा करार स्वीकारलेल्या कॉलेजना टीममध्ये ३४ खेळाडूंची मर्यादा आहे (आधी ४० होते), त्यातले साधारण निम्मे पिचर असतात. मॅचची सुरुवात करतो तो स्टार्टर, नंतर येतात ते रिलिव्हर, ते बसतात ती जागा बुलपेन, शेवटी लीड सांभाळायला येतो तो क्लोजर. कॉलेजला वीकेंडला एकाच टीमशी तीन मॅच असतात, शुक्रवार-शनिवार-रविवार, आणि मंगळवारी किंवा बुधवारी एखादी एकटी मॅच. म्हणून इथे लोक "फ्रायडेचा पिचर", "संडेचा पिचर" असंच बोलतात, आणि फ्रायडेचा म्हणजे सगळ्यात भारी.

सगळ्यात आधी काय बघू?

इनिंगचा हिशेब (पिचरची एक इनिंग म्हणजे समोरच्या टीमचे तीन आउट). लोक आधी नावं बघतात, मी आधी इनिंग मोजते.

रेग्युलर सीझनला ५६ मॅच असतात, ९ इनिंगने धरलं तर ५०४. तीन वीकेंड स्टार्टरनी १४-१४ मॅच सुरू केल्या आणि प्रत्येक वेळी साडेपाच इनिंग टाकल्या (ही चांगली कामगिरी झाली बरं का), तर तिघांच्या मिळून होतात २३१. म्हणजे निम्म्याहून जास्त इनिंग अशी पोरं टाकणार आहेत ज्यांचं नाव प्रीसीझनच्या कौतुकात कुठेच नसतं! वीकेंडच्या बुलपेनला जवळजवळ १४७ आणि आठवड्यातल्या मॅचना १२६ लागतात, आणि त्या कुठून येणार हे सांगता येत नसेल तर त्या टीमचं पिचिंग चांगलं आहे असं म्हणायला मी धजत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून.

आता वही घ्या आणि गेल्या वर्षीची यादी काढा. कोणी किती इनिंग टाकल्या, त्यातले कोण गेले? चार वर्षांच्या कॉलेजचा मुलगा तिसरं वर्ष झाल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर एमएलबीच्या (इथली मोठी प्रोफेशनल लीग) ड्राफ्टला, म्हणजे खेळाडूंच्या निवडीला, पात्र होतो, त्यामुळे चांगले पिचर तिसऱ्या वर्षानंतर बहुतेक जातातच. कोणी पास होऊन जातो, कोणी ट्रान्सफर पोर्टलमधून दुसरीकडे. गेलेल्यांच्या इनिंगची बेरीज करा, ५०० पैकी ३५० गेल्या असतील तर उरलेला एक पोरगा कितीही गुणी असला तरी खड्डा मोठा आहे आणि तो कोण भरणार हे शोधायचं, बाकी सगळे प्रश्न त्याच्या पोटातून निघतात.

गेल्या वर्षीची ईआरए चांगली होती, ती बघून पुरे नाही का?

नाही. ईआरए म्हणजे दर ९ इनिंगला पिचरच्या खात्यावर पडलेले रन, आणि त्यात फिल्डिंग, ग्राउंड, वारा, समोरची टीम आणि नशीब सगळं मिसळलेलं असतं. त्यातून कॉलेजचा नमुना लहान, रिलिव्हरच्या तर वर्षाला २५-३० इनिंग, त्यात एक वाईट रविवार आला की आकडा पार बिघडतो. आणि टीमची ईआरए बघाल तर ती ज्यांनी कमावली ते पिचर आता टीममध्ये आहेत का हे आधी बघा, नाहीतर गेलेल्या माणसांची पुण्याई आपण राहिलेल्यांच्या नावावर जमा करतो.

मग कोणते आकडे बघू?

दोनच बघा, स्ट्राइकआउट किती टक्के आणि वॉक किती टक्के. समोर आलेल्या शंभर बॅटरमधले किती आउट केले फिल्डरच्या मदतीशिवाय, आणि किती जणांना फुकट बेस दिली. पहिल्यातून दुसरं वजा करा.

समजा एका पिचरने ६० इनिंग टाकल्या, ईआरए ३.१०. समोर २७० बॅटर आले, ५० स्ट्राइकआउट, ३५ वॉक. म्हणजे साडेअठरा टक्के आणि १३ टक्के, फरक साडेपाच. दुसऱ्याने ४५ इनिंग टाकल्या, ईआरए ४.८०, समोर २०० बॅटर, ५६ स्ट्राइकआउट, १४ वॉक, म्हणजे २८ आणि ७, फरक २१. मी डोळे झाकून दुसरा घेईन. पहिल्याने इतकी पोरं बेसवर चढवूनही रन वाचवले ते पुढच्या वर्षी पण वाचतीलच असं नाही, दुसऱ्याच्या हातात मात्र खरा माल आहे. माझ्या हिशेबाने फरक १५ च्या वर असला की चांगला, २० च्या वर गेला की ते पोरगं राखून ठेवण्यासारखं.

अजून एक म्हणजे स्ट्राइक किती टक्के टाकतो आणि पहिलाच पिच स्ट्राइक किती वेळा जातो. ६२-६५ टक्के स्ट्राइक असले की कोच निवांत झोपतो. कॉलेजला हरलेल्या मॅच बघा, होमरनपेक्षा वॉकने हरलेल्या जास्त दिसतील, दोन वॉक, एक अंगावर बॉल, मग एक साधी हिट आणि तीन रन.

स्पीडचं काय? ९५ टाकतो म्हणे.

९५ मैल म्हणजे ताशी १५३ किलोमीटर, तेही साडेसाठ फुटांवरून, भारीच आहे. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट) आता ९०-९३ हे नेहमीचं झालंय, ९५ च्या वर टिकून टाकणारा वेगळा दिसतो. पण तीन गोष्टी विचारा. ९५ पहिल्या इनिंगला की पाचव्या पण? दुसरा पिच काय आहे, स्लायडर किंवा चेंजअप, आणि तो स्ट्राइक म्हणून टाकता येतो का? आणि फास्टबॉल बॅटच्या वरून जातो का, म्हणजे तो बॅटरला वाटतो तितका खाली पडत नाही का? हे ट्रॅकमन आणि रॅप्सोडो अशी यंत्रं मोजतात. वेक फॉरेस्टने तर यासाठी पिचिंग लॅबच उभारली, पिचरच्या शरीराची हालचाल आणि सांध्यांवर पडणारा जोर मोजायला. त्यांच्या २०२३ च्या टीमची ईआरए २.८३ होती, देशात पहिली, आणि फ्रायडेचा रेट लाउडर १५-० गेला.

हे आकडे बहुतेक टीम आपल्यापाशीच ठेवतात, आपल्याला टीव्हीवर दिसेल तेवढंच. हरकत नाही, दुसऱ्या पिचला बॅटर कसा फसतोय हे डोळ्यांनी पण कळतं.

फ्रायडेला जबरदस्त एस (सगळ्यात भारी स्टार्टर) असेल तर बाकीचं चालून जातं ना?

नाही! आणि याचं उदाहरण म्हणजे तोच एस ज्याचं नाव घेऊन लोक माझ्याशी वाद घालतात. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट) पॉल स्कीन्स, २०२३: १२२ इनिंग आणि वर दोन आउट, २०९ स्ट्राइकआउट, ईआरए १.६९. एसइसी कॉन्फरन्सचा बेन मॅकडोनाल्डचा १९८९ चा २०२ चा रेकॉर्ड त्याने मोडला आणि नंतर ड्राफ्टमध्ये पहिला गेला. ओमाहाला सेमीफायनलला वेक फॉरेस्टसमोर त्याने ८ इनिंग शून्य रन, समोर लाउडरच्या ७ इनिंग शून्य रन, आणि अकराव्या इनिंगला एलएसयूच्या टॉमी व्हाइटने होमरन मारून मॅच संपवली. मी आयुष्यात बघितलेली ही सगळ्यात सुंदर मॅच, आम्ही इकडे वेकच्या बाजूने होतो तरी सांगते.

पण पुढे बघा. फायनल बेस्ट ऑफ थ्री फ्लोरिडाशी, आणि त्यात स्कीन्सने एकही पिच टाकला नाही. पहिली मॅच टाय फ्लॉइडने उचलली, ८ इनिंगला १७ स्ट्राइकआउट, एलएसयू ४-३. दुसरी २४-४ अशी धो धो हरले. तिसऱ्याला थॅचर हर्ड उतरला, यूसीएलएमधून ट्रान्सफर होऊन आलेला, ६ इनिंग टाकल्या आणि एलएसयू १८-४ ने जिंकून चॅम्पियन. दारापर्यंत एसने आणलं, दार उघडलं दुसऱ्या-तिसऱ्याने.

उलटं उदाहरण २०२१ चं व्हँडरबिल्ट. जॅक लायटर आणि कुमार रॉकर, दोघांचे १७९-१७९ स्ट्राइकआउट, असे दोन एस एका टीमला मिळणं दुर्मीळच. (रॉकरचं नाव आपल्या लोकांना माहीत असतं, त्याच्या आईचे आईवडील भारतातून आलेले, आणि २०१९ ला पहिल्याच वर्षी ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट घेऊन नो-हिटर टाकला होता, म्हणजे समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही.) फायनलची पहिली मॅच लायटरने सुरू केली, ८-२ जिंकले. दुसरीला तिसरा माणूस लागला आणि १३-२ हरले, तिसरीला रॉकर आला पण तोवर हवा फिरली होती, ९-० आणि मिसिसिपी स्टेट चॅम्पियन.

म्हणून मला कोणी एसचं नाव सांगितलं की मी लगेच विचारते, रविवारी कोण?

ट्रान्सफर होऊन आलेल्या पिचरवर किती विश्वास ठेवायचा?

२०२१ पासून ट्रान्सफर झालं तरी वर्षभर बसून राहावं लागत नाही, त्यामुळे आता अर्धा स्टाफ बारा गावचं पाणी प्यायलेला असतो. बघायचं काय, तर तो कुठून आला आणि तिथे त्याच्याकडून काय काम करून घेतलं जात होतं. स्कीन्स एअर फोर्समध्ये कॅचिंग करायचा, बॅटिंग करायचा आणि वर पिचिंग, तेही कोलोरॅडोत सात हजार फुटांच्या आसपासच्या हवेत जिथे बॉल लांब उडतो. एलएसयूला आल्यावर फक्त पिचिंग केलं आणि काय झालं ते वर लिहिलंच आहे. चेस बर्न्स टेनेसीहून वेक फॉरेस्टला आला आणि २०२४ ला बरोबर १०० इनिंगला १९१ स्ट्राइकआउट घेतले. असे रिझल्ट सगळ्यांना येत नाहीत हे उघड आहे.

लहान कॉन्फरन्सहून मोठ्या कॉन्फरन्सला आलेल्याच्या स्ट्राइकआउटचे टक्के मी मनातल्या मनात थोडे खाली आणते, वॉकचे मात्र तसेच ठेवते, कारण स्ट्राइक टाकायची सवय बऱ्यापैकी पिचरसोबत प्रवास करते. ज्युनियर कॉलेजमधून आलेल्यांना कमी लेखू नका, त्याचं उदाहरण शेवटी येतंय.

फ्रेशमन?

पहिल्या वर्षाच्या पोराकडून ३० इनिंग मिळाल्या तर आनंद माना. शाळेत तो आठवड्यातून एकदा टाकायचा आणि समोरच्या नऊतले तीनच बॅटर बरे असायचे, इथे नऊच्या नऊ बरे. रॉकरसारखे असतात पण प्लॅन त्यांच्यावर उभा करायचा नसतो. तीन फ्रेशमन रोटेशनमध्ये (ठरलेल्या स्टार्टरच्या क्रमात) आहेत असं कळलं तर टीम तरुण आहे म्हणून खूश होऊ नका, मोठी पोरं का नाहीत ते विचारा.

इंज्युरीचं कसं कळणार? कोणी सांगत नाही.

हा प्रश्न माझ्या जिवाचा आहे.

कोपराच्या आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं, जोरात टाकताना सगळा ताण त्याच्यावर येतो. ते तुटलं की मांडीतला किंवा मनगटाजवळचा टेंडन काढून तिथे बसवतात, त्याला टॉमी जॉन सर्जरी म्हणतात, १९७४ ला डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली म्हणून. परत यायला १२ ते १८ महिने लागतात. म्हणजे गेल्या एप्रिलला ऑपरेशन झालेला मुलगा यंदा फेब्रुवारीला तयार असणार नाही, आणि मार्चमध्ये आलाच तर एकेक इनिंगने येईल, त्याच्या नावावर ७० इनिंग लिहू नका.

खुणा काय बघायच्या? गेल्या वर्षी मेमध्ये अचानक नाहीसा झाला का. स्पीड सीझनभर हळूहळू उतरत गेला का. फॉलच्या प्रॅक्टिस मॅचना एकदाही उतरला नाही का. कोच "सावकाश आणतोय" म्हणाला का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इनिंगची उडी, मागच्या वर्षी २५ टाकणाऱ्याकडून यंदा ९० मागत असतील तर मला त्याच्या हाताची भीती वाटते.

एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची संघटना) पिचची सक्तीची मर्यादा घातलेली नाही, सगळं कोचच्या हातात. ३० मे २००९ ला टेक्सस आणि बॉस्टन कॉलेजची मॅच २५ इनिंग चालली, टेक्सस ३-२ जिंकलं, त्यात ऑस्टिन वुड हा रिलिव्हर १३ इनिंग टाकून गेला, १६९ पिच. लोक ती गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात आणि त्या पोराचं शौर्य खरंच होतं, पण ती थांबवायला मोठं माणूस लागतं आणि ते तिथे डगआउटमध्ये होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाकडून शाळेत असताना एका वीकेंडच्या टुर्नामेंटला शनिवारी ८० आणि रविवारी परत ६० पिच टाकून घेतले, १५ वर्षांचं पोर, कोपर धरून गाडीत बसलेलं मी बघितलंय. तेव्हापासून मी कुठल्याही टीमचा स्टाफ बघताना आधी कोचने मागच्या वर्षी थकलेल्या पोरांना कसं वापरलं ते बॉक्स स्कोरमधून काढते. दोन दिवसांत दोनदा ४०-४० पिच टाकायला लावणारा कोच असेल तर त्याचा मेमधला स्टाफ फेब्रुवारीइतका राहणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

बुलपेनमध्ये काय शोधायचं?

एकसारखे चार नकोत, वेगवेगळे चार हवेत. एक जोरात टाकणारा, एक बॉल खाली ठेवून ग्राउंडबॉल काढणारा (बेसवर माणूस असताना डबल प्ले, म्हणजे एका बॉलवर दोन आउट, मिळतो), एक बाजूने हात आणून टाकणारा, आणि निदान दोन डावखुरे. एमएलबीला २०२० पासून रिलिव्हरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात, कॉलेजला तो नियम नाही, त्यामुळे फक्त एका डावखुऱ्या बॅटरसाठी एक डावखुरा पिचर आणता येतो आणि मोठ्या मॅच अशाच फिरतात.

आणि एक लांब टाकणारा रिलिव्हर. स्टार्टर दुसऱ्या इनिंगला कोलमडला की ४ इनिंग गिळणारा माणूस, नाहीतर शुक्रवारच्या पडझडीत शनिवार-रविवारचे पिचर खर्ची पडतात. याचं कौतुक कुठेच होत नाही, मला हा क्लोजरपेक्षा मोलाचा वाटतो.

मंगळवारच्या मॅचना काय महत्त्व?

खूप. तिथे उद्याचा संडे पिचर तयार होतो. आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला रीजनल (६४ टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी) डबल एलिमिनेशन असतं, म्हणजे दोनदा हरलं की बाहेर; चार टीम, पहिली मॅच हरलात तर बाहेर न पडता पुढे जायला ओळीने चार जिंकाव्या लागतात, तेही तीन-चार दिवसांत. त्या तिसऱ्या-चौथ्या मॅचला पिचर कोण? मंगळवारवालाच.

फॉलच्या स्क्रिमेजचे रिपोर्ट कितपत खरे?

आपलीच टीम आपल्याच टीमशी खेळते, पिचरने सहा स्ट्राइकआउट घेतले म्हणजे पिचर भारी की आपले बॅटर कच्चे, कसं ठरवणार? मी त्यातून एवढंच घेते की कोण टाकतोय, किती इनिंग, आणि वॉक किती.

अॅल्युमिनियम बॅट, ग्राउंड, वारा वगैरे?

धातूच्या बॅटमुळे कॉलेजची ईआरए प्रोफेशनलपेक्षा जास्तच असते, ४.५० बघून नाक मुरडू नका. उंचावरच्या किंवा छोट्या ग्राउंडवरच्या पिचरला सूट द्या. बास.

कॅचर आणि फिल्डिंगचा याच्याशी काय संबंध?

जवळचा. मातीत पडणारा स्लायडर अडवणारा कॅचर नसेल तर तिसऱ्या बेसवर माणूस असताना पिचर तो टाकतच नाही, म्हणजे त्याचा सगळ्यात चांगला पिच गेला. नवीन कॅचर असेल तर मार्चपर्यंत दम धरा.

प्रीसीझनला ठरलेलं रोटेशन किती टिकतं?

फार कमी वेळा जसंच्या तसं. २०२२ ची ओल मिस टीम राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ टीममध्ये शेवटच्या काहींमध्ये कशीबशी आत आलेली. डिलन डेलुसिया हा ज्युनियर कॉलेजहून आलेला मुलगा सीझनच्या सुरुवातीला फ्रायडेचा नव्हताच, मध्येच त्याला तिथे आणला. ओमाहाला अर्कान्सासविरुद्ध त्याने पूर्ण ९ इनिंग टाकून चार हिट, शून्य रन दिले, २-० जिंकले, मग टीम चॅम्पियन आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. फेब्रुवारीत कोणी त्याला एस म्हणून लिहिलं नव्हतं. म्हणून मी नावांपुढे पेनने लिहीत नाही, पेन्सिलने लिहिते, आणि प्रत्येक जागेसाठी दोन नावं.

पहिल्या वीकेंडला मॅचला जाणार आहे, काय बघू?

फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतं, थंडी असते, जाड जॅकेट घाला आणि थर्मासमध्ये चहा न्या. स्टार्टरला ६०-७५ पिचनंतर काढला तर घाबरू नका, हात हळूहळू वाढवत नेतात. शुक्रवारचं स्कोरबोर्ड सोडा, रविवारच्या सहाव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडून कोण बाहेर येतोय ते बघा, त्याचा पहिला पिच स्ट्राइक आहे का बघा, आणि वहीत त्याच्या नावापुढे टाकलेल्या इनिंग मांडून ठेवा. चार वीकेंड झाले की ती वही घेऊन या, आपण बसून बेरीज करू.